जुना ऑर्गन : शोध आणि खरेदी

आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. जो मनुष्य उभे आयुष्य आरागिरणीच्या आणि तेंदूपानाच्या मजुरांच्या मजुरीची भांडणे भांडत आला, त्याने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून वाद्यांच्या खरेदीविषयी बोलावे, हे थोडे विसंगत दिसते खरे. पण गेल्या दोन वर्षांत आमच्या संघटनेने आपल्या सभागृहासाठी एक जुना ऑर्गन शोधून विकत घेतला. त्या खटपटीत जे पाहिले, वाचले आणि जाणत्यांकडून ऐकले, ते पुन्हा कोणाला असे वाद्य घ्यावयाचे झाले तर उपयोगी पडेल, म्हणून ते सांगावयास मी उभा आहे. मी गवई नाही. सातवीनंतर शाळा सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयात झाले. तेव्हा सुरांच्या सौंदर्याविषयी माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. लाकूड, पितळ, चामडे आणि मजुरी ह्यांविषयी मात्र चार गोष्टी खात्रीने सांगू शकेन.

प्रथम हे वाद्य कोणते ते स्पष्ट करू. आपण भजनात मांडीजवळ ठेवून एका हाताने भाता हलवीत वाजवतो ती हातपेटी. हार्मोनियम ह्या वाद्याचे मूळ पॅरिसचे. १८४० च्या सुमारास अलेक्झांद्र दबँ ह्या कारागिराने त्याचे स्वामित्व नोंदविले. ते मूळचे वाद्य टेबलाएवढे, खुर्चीवर बसून पायांनी भाता चालवून वाजवावयाचे. आपल्याकडे त्याला पायपेटी म्हणू लागले. जमिनीवर बसून गाणाऱ्या आपल्या समाजासाठी ते आटोपशीर हातपेटीच्या रूपात आणण्याच्या कामी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष ह्यांचे नाव घेतले जाते. त्यांची द्वारकिन ही पेढी १८७५ ची. ऑर्गन हा पायपेटीचाच अमेरिकन चुलतभाऊ. दिसायला कपाटासारखा, पुढे खुंट्यांसारखे स्टॉप, खाली पायांनी दाबण्याच्या दोन फळ्या. फरक पोटात आहे. पायपेटीचा भाता हवा सुरांतून बाहेर ढकलतो, अमेरिकन ऑर्गनचा भाता हवा सुरांतून आत ओढून घेतो. म्हणून ऑर्गनचा आवाज पेटीपेक्षा गोल व मऊ येतो, पेटीचा धारदार येतो. व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरो गावचा एस्टी कारखाना, बॉस्टनचा मेसन अँड हॅम्लिन, कॅनडात ग्वेल्फ येथे १८६४ मध्ये सुरू झालेला बेल, ही त्यातली मोठी नावे. एकट्या एस्टीने पाच लाखांवर ऑर्गन बनविले आणि १९६० मध्ये तो कारखाना बंद झाला.

हे वाद्य महाराष्ट्राच्या जिवाभावाचे झाले ते संगीत नाटकांमुळे. पायपेटी रंगभूमीवर आधीच होती. १९११ साली किर्लोस्कर मंडळीने 'मानापमान' रंगभूमीवर आणले, त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि टेंबे हे पेटीचे केवढे वादक होते हे येथे सांगावयास नको. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. तिच्या वाद्यवृंदात तबल्यावर अहमदजान तिरखवा, सारंगीवर कादरबक्ष आणि त्यांच्या जोडीला ऑर्गन, अशी बैठक पुढे महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. मग १९३१ मध्ये बोलपट आला, १९३२ मध्ये मराठी बोलपट आला, आणि एकेक नाटक कंपनी मोडू लागली. खुद्द बालगंधर्व १९३५ च्या 'धर्मात्मा' चित्रपटात दिसले. कंपनी मोडली म्हणजे पडदे, शालू आणि वाद्ये वाटेल त्या भावाने जातात. आणि जुन्या नटांच्या आठवणींत थकलेल्या पगाराचे रडगाणे किती वेळा येते हे ज्यांनी त्या वाचल्या आहेत त्यांना ठाऊक आहे. रंगमंचावर सोन्याचे मुकुट आणि विंगेत तीन महिन्यांची मजुरी बाकी! असो, हा माझा नेहमीचा रोग आहे, विषयाकडे वळतो.

पेटीवर आणखी एक संकट आले. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद केले. आक्षेप असा की पेटीचे सूर एकदा बसविले की बसले. तिला मींड नाही, श्रुती नाही. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. समान बारा भागांत वाटलेल्या सप्तकातला शुद्ध गांधार हा तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा अर्ध्या सुराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने चढा असतो, आणि तयार कानाला तो टोचतो. पण बंदी कोणाच्या पोटावर आली? ज्यांचा हात त्या पेटीवर होता त्यांच्या. १९७१ मध्ये ही बंदी सैल होईपर्यंत तीन दशके गेली. आपल्या मराठवाड्यातले, जालन्याकडचे आप्पा जळगावकर (१९२२–२००९) ह्यांच्यासारखे वादक त्या काळातून पार पडून मोठे झाले, हे त्यांचे सामर्थ्य. पण त्या तीस वर्षांत ऑर्गन दुरुस्त करणारे हात मात्र पुष्कळ कमी झाले. जुना ऑर्गन घेऊ पाहणाऱ्याला आज खरी अडचण येते ती येथे.

ह्यावरूनच मी माझे मुख्य म्हणणे मांडतो. जुना ऑर्गन घ्यावयाचा असेल तर प्रथम ऑर्गन शोधू नका. प्रथम तो दुरुस्त करणारा कारागीर शोधा. त्याच्याशी बोलणे पक्के झाल्यावर मगच वाद्याच्या मागे लागा. व्यवहारात लोक नेमके उलटे करतात. कोठे वाडा पाडला जात आहे असे कळले की धावतात, चकचकीत पॉलिश पाहून पैसे मोजतात, आणि मग वर्षानुवर्षे ते धूड ओसरीवर फुलदाणी ठेवण्याच्या कामी येते. वाद्याची किंमत दोन मजुऱ्या मिळून होते. एक, शंभर वर्षांपूर्वी कोणा परदेशी कामगाराने त्यात घातलेली. ती फुकट मिळाल्यासारखीच आहे. दुसरी, आज ते बोलके करणाऱ्याची. ती मोजावी लागते. दुसरी विचारात न घेता पहिलीची किंमत ठरवणे हा आंधळा व्यवहार आहे.

आम्हांला कारागीर मिळाला तो सोलापूरकडचा. वय सत्तरीच्या पुढे, आता दुकान नाही, घरीच पेट्या जुळवतात. त्यांना आमचा बेत सांगितला तेव्हा ते म्हणाले, "लाकडाची काळजी करू नका, लाकूड तुमच्याकडं आहे. सूर आहेत का तेवढं बघा." आणि मग पाहायचे कसे ते त्यांनी समजावून सांगितले.

सूर म्हणजे पितळी चौकटीवर एका टोकाने बसविलेली पितळेचीच पातळ जीभ. हवेच्या झोताने ती चौकटीच्या फटीतून खालीवर थरथरते. जीभ लांब व जड तर सूर खालचा, आखूड व हलकी तर वरचा. जुळविणारा कानशीने तिच्या मोकळ्या टोकाकडे किंचित घासतो तेव्हा सूर चढतो. बुडाशी घासतो तेव्हा उतरतो. पण प्रत्येक घासणीत पितळ जाते आणि गेलेले परत येत नाही. म्हणून सुरावर कानशीचे ओरखडे किती व कोठे आहेत हे पाहिले की त्या वाद्याची जन्मकुंडली वाचता येते. बुडाशी आणि टोकाला, दोन्हीकडे खोल ओरखडे असतील तर समजावे की चारपाच जणांनी आपापल्या मर्जीप्रमाणे त्याला छळले आहे. असा सूर एक दिवस बुडाशी चिरतो. चिरलेल्या सुराची खूण अशी की बाकीचे सर्व सूर जागेवर असताना तो एकटाच एकदम खाली उतरलेला आढळतो.

पेटीत सूर लाकडी फळीवर स्क्रूने घट्ट केलेले असतात. अमेरिकन ऑर्गनमध्ये मात्र प्रत्येक सुराला लाकडात स्वतंत्र खाच असते आणि एका लहानशा आकडीने तो ड्रॉवरसारखा ओढून काढता येतो. ही सोय मोठी गमतीची आहे. चोरालाही तिची माहिती असते! पाच सप्तकांच्या ऑर्गनला ६१ पट्ट्या. सुरांचे दोन पूर्ण संच धरले तर १२२ सूर. ते एकेक करून मोजावेत. वाजवून पाहण्यावर भिस्त ठेवू नये, कारण धूळ बसलेला चांगला सूर मुका असतो आणि चिरलेला सूर कधी कधी छान गातो.

दुसरी परीक्षा भात्याची. सर्व स्टॉप आत ढकलून, एकही पट्टी न दाबता, पायांनी भाता पुरता चालवावा आणि थांबावे. भाता हळूहळू परत फुगत यावा. धाडकन आला तर रबरी कापड किंवा चामडे फाटलेले आहे. हा दोष मोठा दिसतो पण स्वस्तात सुटतो. ज्या फळीवर सूर बसतात ती फळी तडकलेली असणे हा दोष दिसत नाही, पण तो महाग. कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते. आपल्या भागात मे महिन्याचे ऊन आणि पुढे जंगलपट्टीतला पाऊस असे दोन्ही झटके लाकडाला दरवर्षी बसतात. त्या फटीतून हवा आत शिरते आणि पट्टी न दाबता सूर आपोआप भणभणत राहतो. आमच्यातले एक निवृत्त आरामिस्त्री संगीतातले काही जाणत नाहीत. पण बोटाच्या पेराने फळीवर ठोकून त्यांनी तडा कोठून कोठवर गेला आहे ते न उघडता सांगितले. वाळवी आणि उंदीर ह्यांचा माग काढावयालाही असाच माणूस बरोबर असावा. उंदरांना झडपांखालची बनात फार आवडते.

पुढच्या खुंट्यांवर मोठमोठी नावे असतात, त्यांना भुलू नये. स्पर्धेच्या काळात कारखानदारांनी काही स्टॉप निव्वळ शोभेसाठी ठेवले होते. ओढले तरी काहीच घडत नाही. ते बिघडलेले नसतात, पहिल्यापासूनच रिकामे असतात. उलट एका स्टॉपने सुरांचा दुसरा संच उघडतो आणि आवाजात मंद लाट येऊ लागते. तो संच मुद्दामच केसभर वेगळा जुळविलेला असतो. हे न समजणारा उत्साही माणूस तो 'दुरुस्त' करतो आणि कारखान्यातल्या माणसाने कानाने साधलेली गंमत कायमची जाते.

पट्ट्यांचा पांढरा पत्रा बहुधा सेल्युलॉइडचा असतो, क्वचित हस्तिदंताचा. हस्तिदंतावर बारीक तंतूसारख्या रेषा दिसतात. तसे असेल तर सावध व्हावे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्या ह्यांमुळे आपल्या देशात हस्तिदंताच्या खरेदीविक्रीला बंदी आहे. आम्ही तशा वाद्याचा नाद धरला नाही.

आता ऑर्गन सापडतात कोठे? मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवर सापडतात, पण तेथे किंमत लाकडाच्या नक्षीची असते, सुरांची नव्हे. गिऱ्हाईक बहुधा दिवाणखाना सजविणारे. मिशनऱ्यांनी प्रार्थनेसाठी हे वाद्य गावोगाव नेले, तेव्हा जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत ते असू शकते. मात्र तेथले वाद्य मंडळीच्या मालकीचे असते, कोणा एकट्याचे नव्हे. मंडळीच्या सभेचा लेखी ठराव असल्याखेरीज त्याला हात लावू नये. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात असल्याने आमची जुनी ओढ हैदराबादकडे, म्हणून तिकडेही हिंडलो. तेथे एक सुंदर कपाट पाहिले. उघडले तर आत एकही सूर नव्हता. सगळे पितळ वजनावर गेलेले.

शेवटी जो मिळाला तो उदगीरकडच्या एका घरी. घरातल्या बाईंचे सासरे तरुणपणी एका फिरत्या नाटक कंपनीत ऑर्गन वाजवीत. कंपनी मोडल्यावर वाद्य त्यांच्याकडे राहिले ते कोठारात ज्वारीच्या पोत्यांमागे. एका व्यापाऱ्याने त्यांना आठ हजार देऊ केले होते. आतले सगळे काढून त्याचे बाटल्यांचे कपाट करावयाचे होते. आम्ही आकडीने सूर काढून मोजले. १२२ पैकी चार नव्हते, तीन चिरलेले, बाकी ११५ वर कानशीचे ओरखडे अगदी थोडे. फळीला एक तडा. भाता मात्र चिंध्या. बाई दारात उभ्या राहून सगळे पाहत होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "भाऊ, पुन्हा वाजंल का ओ हे?" मिस्त्री म्हणाले, "वाजंल, मावशी. पण आमचं काम नाही ते. वाजवणारा माणूस येगळा हाय."

किंमत ठरविताना मी एक पथ्य पाळले. विकणाऱ्याला वाद्याचे मोल माहीत नाही ह्याचा फायदा घ्यावयाचा नाही. ज्याला आपल्या श्रमाचा भाव ठाऊक नसतो त्याला लुबाडण्यावरच मालक जगतो, असे सभांतून सांगत फिरावयाचे आणि कोठारात शिरल्यावर स्वतः तेच करावयाचे, हे जमणारे नव्हते. सुरांची संख्या, तडा, भाता हे सर्व त्यांना दाखवून, दुरुस्तीचा अंदाज सांगून, अठ्ठावीस हजार ठरले. वस्तू वडिलोपार्जित, दोन दीर हयात. म्हणून पावतीवर तिघांच्या सह्या घेतल्या. हे कोणी विसरू नये. वाद्य आल्यावर दुसऱ्या महिन्यात हिस्सेदार दारात उभा राहतो, अशी उदाहरणे जमिनीच्या व्यवहारात आपण रोज पाहतो.

खरा वाद झाला तो आमच्याच बैठकीत. एक सदस्य उठून म्हणाला की तेंदूपानाच्या हंगामातल्या बाकीचा तंटा सुटला नाही, १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कित्येक आरागिरण्या बंद पडून माणसे देशोधडीला लागली, आणि आपण बाजा घेणार? प्रश्न रास्त होता आणि तो टाळीवर उडविण्यासारखा नव्हता. उत्तर एका तेंदू तोडणाऱ्या बाईने दिले. ती म्हणाली, "बाकी मागाया तर आपण रोजच येतो की हितं. कधी गाणं आयकाया बी यावं." तरीही मी मतास टाकले. ठराव बहुमताने झाला, एकमताने नव्हे. आणि असे ठरले की संपाच्या निधीतला एक पैसाही ह्याकडे वळवावयाचा नाही, स्वतंत्र वर्गणी काढावयाची. वर्गणी एक्कावन्न हजार जमली.

कारागीर किनवटला येऊन नऊ दिवस राहिले. त्यांनी रोज नऊशे मागितले. आमच्याकडे चांगला गवंडी ज्या दराने मिळतो तो पाहून कार्यकारिणीने पंधराशे ठरविले, आणि ते घ्यावयास त्यांचे मन वळविण्यात एक संध्याकाळ गेली. जन्मभर कमी घेण्याची सवय झालेल्या माणसाला पुरते घेणे जड जाते. कमी पडलेले सात सूर त्यांनी आपल्या पत्र्याच्या डब्यातून काढले. मोडीत गेलेल्या ऑर्गनांचे सूर ते वर्षानुवर्षे जमवीत आले आहेत. हातपेटीचे सूर आज सौराष्ट्रात पालिताणा-भावनगरकडे बनतात आणि मिळतात, पण ते ऑर्गनच्या खाचेत बसत नाहीत. तेव्हा असा डबा ज्याच्याजवळ आहे तो कारागीरच उपयोगाचा.

फळीचा तडा जुन्या, मुरलेल्या सागाची चिंचोळी पट्टी सरसाने बसवून बुजविला. साग आमच्या किनवटचाच. भात्याला नवे रबरी कापड, झडपांना नवी बनात.

जुळणीच्या वेळी एक महत्त्वाचा प्रश्न निघाला, तो प्रत्येक खरेदीदाराला पडेल. जुन्या वाद्याची पट्टी आजच्या पट्टीशी मिळत नाही. आज जगात धैवताचा, म्हणजे इंग्रजी 'ए' सुराचा, सेकंदाला ४४० कंपनांचा मेळ रूढ आहे. तो १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ठरला. त्यापूर्वी फ्रान्सने १८५९ मध्ये ४३५ ठरविला होता, आणि इंग्लंडात ४५२ पर्यंत चढलेला मेळही चालत असे. ४३५ चे वाद्य आजच्या पेटीपेक्षा अर्ध्या सुराच्या पाचव्या हिश्श्याने उतरते. ४५२ चे जवळजवळ पाव सुराने चढते. आमचा ऑर्गन किंचित उतरता निघाला. तो ४४० वर चढवावयाचा तर सगळ्याच्या सगळ्या सुरांवर कानस चालवावी लागणार. कारागिरांनी नकार दिला. "तबला हातोडीनं उतरतो," ते म्हणाले, "पितळ परत चढत नाही." तेव्हापासून आमचे तबलजी ऑर्गनच्या सुराला जुळवून घेतात. बासरीवाल्याची मात्र पंचाईत झाली. त्याला त्या मेळाची दुसरी बासरी करून घ्यावी लागली.

हिशेब सभागृहाच्या भिंतीवर लावलेला आहे, तरी सांगतो. वाद्य २८,०००; कारागिराची मजुरी १३,५००; टेम्पो व चढउतार ४,५००; कापड, बनात, सरस ३,२००. एकूण ४९,२००. उरलेले १,८०० वर्षातून एकदा कारागिरांना बोलाविण्यासाठी वेगळे ठेवले. ते एका खेपेलाही पुरणार नाहीत, म्हणून दरमहा पेटी फिरवितो.

निगेचे नियम थोडे आहेत. पश्चिमेच्या भिंतीला वाद्य ठेवू नये, उन्हाने ती रात्रीपर्यंत तापलेली राहते. उन्हाळ्यात जवळ पाण्याचे उघडे भांडे ठेवावे, पावसाळ्यात ते काढावे. पायांखाली विटा द्याव्यात आणि वाळवीसाठी आठवड्यातून एकदा बॅटरी घेऊन मागे वाकून पाहावे. तेल कोठेही घालू नये. आणि रोज कोणीतरी निदान पंधरा मिनिटे वाजवावे. सूर हलत राहिला तर त्यावर धूळ बसत नाही. आमच्याकडे हे काम आरागिरणीतून निवृत्त झालेल्या एका भजनी पेटीवाल्यांनी घेतले आहे. त्यांना पायांनी भाता चालविण्याची सवय नव्हती. पहिले आठ दिवस पोटऱ्या दुखल्याची तक्रार करीत होते. आता संध्याकाळी सहाला सभागृहाची किल्ली न्यावयास तेच सर्वांआधी येतात. उदगीरच्या बाईंना दिवाळीच्या सुमारास बोलावणे पाठविले आहे. त्या आपल्या धाकट्या दिरांना घेऊन येणार असल्याचा निरोप आला आहे.